सायकल-शिक्षण आणि रस्ता-सुरक्षा : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

सायकल चालविता येणे ही गोष्ट आपल्या समाजात इतकी सर्वसाधारण मानली जाते की, ती शिकावी लागते आणि कोणीतरी शिकवावी लागते, याचा सहसा विचार होत नाही. पोहणे आणि सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. या म्हणण्यात तथ्य आहे; परंतु त्यात 'येणे' या शब्दाचा अर्थ फारच संकुचित धरलेला असतो. दोन चाकांवर तोल राखता आला म्हणजे सायकल आली, असे समजले जाते. प्रत्यक्षात तोल साधल्यानंतर नवशिका ज्या रस्त्यावर उतरतो, त्या रस्त्याच्या कोणत्या भागातून चालावे, वळण्यापूर्वी मागे केव्हा पाहावे, चौकात कोणाला वाट द्यावी, अंधारात आपले अस्तित्व इतरांना कसे कळवावे, या गोष्टी त्याला बहुधा कोणीच शिकविलेल्या नसतात.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. दुसऱ्या बाजूस, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. मोटार चालविण्यासाठी शिकाऊ परवाना, चाचणी आणि पक्का परवाना अशी कायद्याने ठरविलेली वाट आहे. सायकलीला परवाना लागत नाही. ही सवलत गरिबांच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु परवाना नाही म्हणून शिक्षणही नाही, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) सायकल शिकण्याच्या पद्धतींचा १८१७ पासूनचा विकास पाहणे.
२) तोलाचे शिक्षण आणि रस्त्याचे शिक्षण यांची फारकत कशी झाली, याचा शोध घेणे.
३) ब्रिटन, नेदरलँड्स आणि तामिळनाडूतील पुदुकोट्टाई येथील अनुभवांची तुलना करणे.
४) महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासातून काय बोध मिळतो, ते तपासणे.

सायकल शिकणे हे केवळ शिकणाऱ्याच्या शरीराचे कौशल्य नसून ते यंत्राची रचना, समाजाची संमती आणि रस्त्याची घडण या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी एकाचीच तजवीज केली तर शिक्षण अपुरे राहते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

यंत्राची रचना आणि शिकण्याची रीत :

सायकलीचा आद्य अवतार मानले जाणारे धावते यंत्र जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस यांनी तयार केले. १२ जून १८१७ रोजी त्यांनी मानहाइम येथून या यंत्रावर पहिली मोठी फेरी मारली. या यंत्राला पेडल नव्हते. स्वार बैठकीवर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत असे आणि वेग आल्यावर पाय उचलून काही अंतर तोलावर जात असे. आजच्या दृष्टीने हे यंत्र अपूर्ण वाटते. पण शिकण्याच्या दृष्टीने ते फार सोयीचे होते. पाय जमिनीलगत असल्यामुळे पडण्याचे भय कमी होते आणि तोल सावरणे व गती देणे ही दोन कामे एकाच वेळी शिकावी लागत नव्हती.

पुढील यंत्रांनी ही सोय हिरावून घेतली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल लावलेली सायकल आली. १८७० च्या दशकात वेग वाढविण्यासाठी पुढचे चाक मोठे होत गेले आणि स्वार जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर बसू लागला. पुढच्या चाकाला अडथळा लागला की स्वार डोक्यावर आपटत असे. त्यामुळे ही सायकल धाडसी तरुण पुरुषांपुरती मर्यादित राहिली. स्त्रिया, प्रौढ व मुले तिच्यापासून दूरच राहिली. शिकण्याची संधी कोणाला मिळणार, हे येथे यंत्राच्या उंचीनेच ठरविले होते.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती ही तिची वैशिष्ट्ये होती. या जातीच्या सायकलीला इंग्रजीत 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित सायकल असेच नाव पडले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे हवेचे टायर तयार केले आणि खडबडीत रस्त्यावरचे धक्के कमी झाले. पाय पुन्हा जमिनीजवळ आले आणि शिकणाऱ्यांचे वर्तुळ एकाएकी विस्तारले. सायकलीच्या इतिहासातील सुरक्षेचा पहिला मोठा टप्पा स्वाराला उपदेश करून गाठला गेला नाही, तर यंत्र बदलून गाठला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

शिकवणीचे वर्ग आणि तोलाचे शास्त्र :

सायकल शिकविणे हा सुरुवातीला व्यवसाय होता. लंडनमधील गाडी-कारागीर डेनिस जॉन्सन यांनी ड्राइस यांच्या यंत्राची सुधारित आवृत्ती काढली आणि १८१९ मध्ये ती चालविण्यास शिकविणाऱ्या शाळाही सुरू केल्या. १८६९ च्या सुमारास पॅरिस, न्यूयॉर्क व बोस्टन येथे बंदिस्त सभागृहांत सायकल शिकविण्याचे वर्ग भरत. घोडेस्वारीच्या शाळांचा नमुना त्यांच्यापुढे होता. गुळगुळीत जमीन, बाजूला धरावयास शिक्षक आणि ठरावीक शुल्क, असे त्यांचे स्वरूप असे. मात्र या वर्गांत रस्ता नव्हता. सायकल ही प्रथम रस्त्यापासून अलग ठेवून शिकविली गेली आणि ही सवय पुढे दीर्घकाळ टिकली.

प्रौढ वयात सायकल शिकणाऱ्या काही नामवंतांच्या अनुभवांतून त्या काळच्या शिक्षणपद्धतीवर प्रकाश पडतो. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८८० च्या दशकात उंच चाकाच्या सायकलीचे धडे घेतले. त्यावरील त्यांचा विनोदी लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिओ टॉलस्टॉय यांनी १८९५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, धाकट्या मुलाच्या निधनाच्या दुःखात असताना मॉस्को येथे सायकल शिकून घेतली.

या सर्वांत फ्रान्सेस विलर्ड यांचा अनुभव शैक्षणिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील स्त्रियांच्या मद्यपानविरोधी चळवळीच्या त्या अध्यक्ष होत्या. वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी सायकल शिकावयास घेतली आणि १८९५ मध्ये त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांना रोज सरासरी पंधरा मिनिटांच्या सरावाने सुमारे तीन महिने लागले. हा एकूण वेळ त्यांनी सुमारे बावीस तास असा मोजला आहे. त्यांच्या शिक्षणाचा क्रमही विचार करण्याजोगा आहे. प्रथम पेडल मारणे, नंतर वळणे, त्यानंतर उतरणे आणि सर्वांत शेवटी कोणाच्याही मदतीवाचून सायकलवर चढणे. म्हणजे चढता येण्याआधी त्या उतरावयास शिकल्या. आपल्याकडे नवशिक्यास बहुधा याच्या उलट क्रमाने शिकविले जाते. टांग मारून चढता येणे हे कौशल्याचे लक्षण मानले जाते आणि थांबावे कसे हे शिकणाऱ्याला पडून समजते. विलर्ड यांच्या क्रमात सुरक्षेचे एक मूलभूत तत्त्व सामावलेले आहे : ज्याला थांबता येते, त्यानेच निघावे.

त्या काळच्या शिक्षकांचे एक सूत्र असे होते की, सायकल ज्या बाजूस कलते त्याच बाजूस हँडल वळवावे. ट्वेन यांच्या लेखातही या सूत्राने नवशिक्याची उडविलेली तारांबळ आली आहे. नवशिक्याची सहजप्रवृत्ती नेमकी याविरुद्ध असते. डावीकडे पडू लागताच तो हँडल उजवीकडे ओढतो आणि पडतो. कलत्या बाजूस हँडल वळविल्याने चाके शरीराच्या भाराखाली येतात व तोल सावरतो. या साध्या वाटणाऱ्या क्रियेचे पूर्ण गणित मांडणे सोपे नाही. चाकांच्या फिरण्यामुळेच सायकल उभी राहते, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिका व नेदरलँड्स येथील संशोधकांनी, तो परिणाम रद्द केलेली सायकलही स्वतःहून तोल राखू शकते, असे प्रयोगाने दाखविले. अलीकडे लहान मुलांना पेडल नसलेल्या, पायांनी रेटावयाच्या सायकलीवरून शिकविण्याची पद्धत पुन्हा रूढ झाली आहे. दोन शतकांनंतर शिक्षणपद्धती ड्राइस यांच्या यंत्राकडेच परतली, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्राशी संबंधित एक नोंद येथे आवश्यक आहे. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव येथे १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्या बेळगावात विकल्या जात. एका सायकलीची किंमत सातशे ते एक हजार रुपये असे व ती चालविण्यास शिकविण्याबद्दल पंधरा रुपये आकारले जात, असा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखनात आढळतो. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. ज्या वाहनाला पुढे गरिबाचे वाहन म्हटले गेले, ते आपल्याकडे श्रीमंतांची हौस म्हणून आले आणि त्याच्याबरोबर शिकवणीही आली. कालांतराने सायकल स्वस्त झाली, सर्वत्र पसरली. शिकवणी मात्र मागे राहिली.

रस्त्याचा नियम : कायद्यापासून परीक्षेपर्यंत :

सायकलीला रस्त्यावर कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न प्रारंभापासूनच वादाचा होता. ड्राइस यांच्या यंत्राचे स्वार खडबडीत रस्ता टाळून पदपथावर येत, म्हणून १८१९ मध्ये लंडनमध्ये त्यांना दंड होऊ लागले आणि न्यूयॉर्कमध्ये या यंत्रावर बंदी आली. इंग्लंडमधील न्यायालयाने १८७९ मध्ये एका खटल्यात सायकल ही बेफाम हाकण्याविषयीच्या कायद्यापुरती गाडीच होय, असा निर्णय दिला. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलींना सर्वत्र 'गाडी'चा दर्जा दिला. त्याबरोबरच रात्री दिवा लावणे आणि इतरांना मागे टाकताना घंटी किंवा शिट्टी वाजविणे बंधनकारक केले. यातून सायकलस्वारास दोन गोष्टी एकदम मिळाल्या : रस्त्यावरचा हक्क आणि रस्त्यावरची जबाबदारी.

मोटारींची संख्या वाढल्यावर या समीकरणात बदल झाला. ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये रस्ता-संहिता प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अपघात प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या तेथील 'रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ ॲक्सिडेंट्स' या संस्थेने मुलांसाठी सायकल-प्रावीण्य चाचणी सुरू केली. १९५८ पासून ती सरकारी साहाय्याने देशभर राबविण्यात आली. शाळेच्या मैदानावर खुणा आखून त्यांमधून सायकल नेणे, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने इशारा करणे, ब्रेक व टायर तपासणे आणि नियमांची तोंडी परीक्षा देणे, असे तिचे स्वरूप होते. उत्तीर्ण मुलांना बिल्ला मिळत असे. ब्रिटनमधील अनेक पिढ्यांच्या बालपणाचा ही चाचणी भाग होती.

तिचे यश मात्र मर्यादितच ठरले. १९४९ मध्ये ब्रिटनमधील लोकांनी सायकलने वर्षभरात सुमारे २४ अब्ज किलोमीटर प्रवास केला होता. १९७३ पर्यंत हे प्रमाण ४ अब्ज किलोमीटरच्याही खाली आले. म्हणजे ज्या काळात मुलांना सायकलचे पद्धतशीर शिक्षण दिले जात होते, त्याच काळात सायकल रस्त्यांवरून नाहीशी होत होती. या घसरणीचे कारण चाचणी हे अर्थातच नव्हते. मोटारींची वाढ आणि त्यांच्या सोयीने झालेली रस्त्यांची रचना ही कारणे होती. परंतु मुलाला शिकविल्याने रस्ता सुरक्षित होत नाही, हे यातून स्पष्ट होते. मैदानावर उत्तीर्ण झालेल्या मुलाला रस्त्यावर पाठविण्यास पालकच तयार नसतील, तर त्या बिल्ल्याला फारसा अर्थ उरत नाही.

या उणिवेची जाणीव पुढील योजनेत दिसते. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये 'बाइकेबिलिटी' ही नवी शिक्षणयोजना आली. तिचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर वाहतूक नसलेल्या जागेत सायकलवर ताबा मिळविणे, दुसऱ्यावर शांत रस्त्यांवर प्रशिक्षकाच्या सोबतीने चालविणे आणि तिसऱ्यावर गजबजलेल्या रस्त्यांवरील गुंतागुंतीचे चौक हाताळणे शिकविले जाते. १८६९ मध्ये सभागृहात बंद झालेली शिकवणी अशा रीतीने रस्त्यावर आली.

नेदरलँड्स : रस्त्याला शिकविणे :

नेदरलँड्समध्येही १९३० च्या दशकापासून शाळकरी मुलांची वाहतूक-परीक्षा घेतली जाते. तिच्यात लेखी भागाबरोबरच गावातील प्रत्यक्ष रस्त्यांवरून ठरावीक मार्गाने सायकल चालवून दाखवावी लागते आणि वाटेत जागोजागी स्वयंसेवक उभे राहून मुलांचे निरीक्षण करतात. तरीही १९५० नंतर तेथे मोटारींची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा ही परीक्षा मुलांचे रक्षण करू शकली नाही. १९७१ मध्ये त्या देशात सुमारे ३,३०० लोक रस्ते अपघातांत मरण पावले आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

पत्रकार विक लांगनहॉफ यांची मुलगी अशाच एका अपघातात दगावली. १९७२ मध्ये त्यांनी एका दैनिकात लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकावरूनच 'बालहत्या थांबवा' या अर्थाचे नाव घेतलेली चळवळ उभी राहिली. पालकांनी रस्ते अडविले, मुलांनी सायकल-मोर्चे काढले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारींना बंदी केली आणि मोकळे रस्ते कसे असतात, हे लोकांना अनुभवावयास मिळाले. पुढे तिलबुर्ग व हेग या शहरांत प्रायोगिक सायकल-मार्ग बांधण्यात आले, वस्त्यांमधील मोटारींचा वेग कमी करण्यात आला आणि १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरात संपूर्ण शहराचे सायकल-जाळे विकसित झाले. आज त्या देशातील वार्षिक अपघाती मृत्यूंची संख्या ७०० च्या आसपास आहे.

या चळवळीने प्रश्नाची मांडणीच बदलली. तोपर्यंत 'मुलाने रस्त्यावर कसे वागावे' असा प्रश्न विचारला जात होता. आता 'मुलासाठी रस्ता कसा असावा' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. विशेष म्हणजे तेथे शाळांची वाहतूक-परीक्षा बंद झाली नाही. रस्ता बदलला आणि शिक्षणही चालू राहिले. चूक करणाऱ्या नवशिक्याला ती चूक प्राणाची किंमत देऊन भोगावी लागू नये, हे तत्त्व तेथील रस्तारचनेत रुजले. शिक्षणाचा अर्थच चुका करीत शिकणे असा असल्यामुळे, हे तत्त्व अध्यापनशास्त्रालाही जवळचे आहे.

पुदुकोट्टाई : समाजाची संमती :

यंत्र व रस्ता यांबरोबर समाजाची संमती हा तिसरा घटक आहे. त्याचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण तामिळनाडूतील पुदुकोट्टाई जिल्ह्यात घडले. १९९१ मध्ये तेथे 'अरिवोळी इयक्कम' ही साक्षरता मोहीम सुरू झाली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांच्या हिंडण्याफिरण्याच्या स्वातंत्र्याला साक्षरतेचाच भाग मानले. दूरच्या खेड्यांत शिकवावयास जाणाऱ्या कार्यकर्तींना वाहन हवे होते, हे तात्कालिक कारण होते. परंतु घराबाहेर एकटीने जाता न येणे हे स्त्रियांच्या आत्मविश्वासाच्या अभावाचे मोठे कारण आहे, हा त्यामागील विचार होता.

गावोगावी सायकल-शिक्षणाची शिबिरे भरली. शिकलेल्या स्त्रियांनी इतरांना शिकविले. सायकल खरेदीसाठी स्त्रियांना कर्ज द्यावे म्हणून बँकांकडे पाठपुरावा झाला. सायकलवर गाणीही रचली गेली. सुरुवातीला कुचेष्टा झाली, अश्लील शेरे मारले गेले. तरी मोहीम थांबली नाही. १९९२ च्या महिला दिनी १,५०० हून अधिक स्त्रिया सायकलींवरून पुदुकोट्टाई शहरात उतरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांच्या वृत्तांतानुसार दीड वर्षात एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांनी सायकल आपलीशी केली. स्त्रियांच्या सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली वापरल्या; पुढच्या दांडीवर मूल बसविता येते म्हणून काहींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या. हा वृत्तांत पुढे एनसीईआरटीच्या आठवीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला.

पुदुकोट्टाईच्या अनुभवात शिक्षण हा एकट्या व्यक्तीचा खटाटोप राहिला नाही. एकटी मुलगी सायकल शिकू लागली तर तिची चेष्टा होते. शंभर जणी शिकू लागल्या तर चेष्टा करणाराच एकटा पडतो. नवशिक्याला लागणारे धैर्य समूहाने पुरविले, हे या मोहिमेचे खरे वैशिष्ट्य होते.

महाराष्ट्र : भाड्याची सायकल ते वाटपाची सायकल :

महाराष्ट्रात सायकल शिकण्याची दीर्घ परंपरा आहे, पण ती अनौपचारिक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावातील सायकलच्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल आणावयाची, मोठ्या भावाने किंवा मित्राने मागचे कॅरिअर धरावयाचे, पाय सीटवरून पुरत नसल्याने नळीच्या त्रिकोणातून पाय घालून अर्धे पेडल मारावयाचे, अशी ती रीत होती. गुडघे फुटणे हा तिचा अपरिहार्य भाग समजला जाई. भाड्याचा तास संपण्यापूर्वी जास्तीत जास्त शिकून घेण्याची घाई असल्यामुळे थांबणे, उतरणे आणि मागे पाहणे या गोष्टींना त्यात स्थान नव्हते. शिवाय मोठ्यांच्या सायकलीत पाय घालून रस्त्यावर धडपडण्याची मोकळीक प्रामुख्याने मुलग्यांनाच होती.

याच काळात अनेक नगरपालिका सायकलीवर कर आकारीत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. रात्री दिवा नसल्यास किंवा डबलसीट जाताना आढळल्यास पोलीस अडवीत. म्हणजे प्रशासनाचे सायकलीकडे लक्ष होते. परंतु ते कर आणि दंड यांपुरते होते, शिक्षणापर्यंत गेले नाही. ब्रिटनमध्ये बिल्ला परीक्षा दिल्यावर मिळत असे, आपल्याकडे तो पैसे भरल्यावर मिळत असे. दोन्ही दृष्टिकोनांतील फरक या एका वस्तूवरून लक्षात येतो.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. विद्यार्थी, विद्यार्थिनी, कामगार व नोकरदार यांच्या सायकलींनी तेथील रस्ते भरून जात. मोठ्या संख्येमुळे एक प्रकारचे संरक्षणही मिळत असे आणि नवशिका त्या प्रवाहात सामील होऊन रस्त्याची रीत आपोआप शिके. स्वयंचलित दुचाकींच्या वाढीबरोबर हा प्रवाह आटला आणि त्याबरोबर ही अलिखित शाळाही बंद पडली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखड्याच्या तुलनेत प्रत्यक्ष सलग व वापरण्याजोगे मार्ग मात्र थोडेच झाले आहेत.

दरम्यान शासनाने सायकलीकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहण्यास सुरुवात केली. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे मुलींच्या माध्यमिक शाळेतील वयानुरूप नोंदणीत ३२ टक्क्यांची वाढ झाली आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी अर्थसाह्य दिले जाते. या योजनांचे मोल वादातीत आहे. तथापि, त्यांचा भर यंत्र देण्यावर आहे. सायकल मिळालेल्या मुलीला ती चालविता येते का, शाळेचा मार्ग राज्य महामार्गाला छेदून जातो का, पावसाळ्यातील अंधाऱ्या संध्याकाळी तिच्या सायकलीला मागे परावर्तक आहे का, हे प्रश्न सायकल-वाटपाच्या नोंदवहीत येत नाहीत.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सायकल-शिक्षणाच्या इतिहासात तोलाचे शिक्षण आणि रस्त्याचे शिक्षण प्रथमपासून अलग राहिले. पहिले व्यावसायिक वर्गांनी व कुटुंबाने दिले. दुसरे कायद्यावर आणि दंडावर सोपविले गेले.

२) ब्रिटनमधील चाचणीने रस्त्याचे शिक्षण शाळेत आणले, परंतु रस्ता न बदलल्यामुळे तिचा प्रभाव मर्यादित राहिला. नेदरलँड्सने रस्ता व शिक्षण यांची सांगड घातली.

३) पुदुकोट्टाईने दाखविले की, समाजाची संमती ही आपोआप मिळत नाही, ती सामूहिक शिक्षणातून घडविता येते.

४) महाराष्ट्रात यंत्र उपलब्ध करून देण्यात प्रगती झाली असली, तरी शिक्षण आणि रस्ता या दोन बाजू उपेक्षित आहेत.

या निष्कर्षांच्या आधारे शाळा-महाविद्यालयांसाठी तीन टप्प्यांचा एक साधा अभ्यासक्रम सुचविता येईल. पहिला टप्पा मैदानावरचा : सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, पेडलला पाय न लावता केवळ पायांनी रेटत तोल साधावा, त्यानंतर ब्रेक लावून थांबणे व उतरणे आणि मग पेडल मारणे, असा विलर्ड यांच्या क्रमाशी जुळणारा क्रम ठेवावा. दुसरा टप्पा शांत रस्त्यावरचा : डाव्या बाजूने, पण रस्त्याच्या अगदी कडेच्या खड्ड्या-मातीत न शिरता सरळ रेषेत चालविणे, तोल न जाता उजव्या खांद्यावरून मागे पाहणे, हाताने इशारा करणे, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडू शकते म्हणून तिच्यापासून अंतर राखणे. तिसरा टप्पा वाहत्या रस्त्यावरचा : चौक ओलांडणे, डावीकडे वळणाऱ्या ट्रक-बसच्या डाव्या अंगाला न थांबणे, रात्री पुढे दिवा व मागे परावर्तक वापरणे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हा अभ्यासक्रम सहज राबविता येण्याजोगा आहे. त्याचबरोबर, विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाकडे येणाऱ्या रस्त्यांवरील धोक्याच्या जागांची पाहणी करून ती स्थानिक प्रशासनापुढे मांडणे, हाही याच शिक्षणाचा भाग मानला पाहिजे. अन्यथा ब्रिटनच्या अनुभवाची पुनरावृत्ती होईल.

नवशिक्याच्या सायकलीमागे धावणाऱ्या व्यक्तीचा हात केव्हातरी कॅरिअरवरून सुटतो आणि शिकणाऱ्याला ते कळतही नाही. तो हात सुटण्याचा क्षण शिक्षणाच्या यशाचा मानला जातो. परंतु हात सुटल्यानंतर पुढे असलेला रस्ता त्या मुलाला वा मुलीला सामावून घेणारा आहे की नाही, यावरच त्या यशाचे खरे मूल्य ठरते. ती जबाबदारी शिकणाऱ्याची एकट्याची नाही; ती समाजाची, शिक्षणसंस्थांची आणि शासनाची आहे.